चाल आणि त्वरण: सरळ रेषेतली गती कशी मोजतात

चाल आणि त्वरण या राशी प्रयोगशाळेत सहसा थेट मोजल्या जात नाहीत, त्या हिशेबाने काढल्या जातात. प्रत्यक्ष मोजायच्या गोष्टी दोनच: अंतर आणि काळ. अंतराला मीटरपट्टी पुरते आणि वस्तू थांबल्यावर ते पुन्हा पुन्हा तपासता येते. काळ मात्र एकदाच हाती येतो आणि निघून जातो. म्हणून गतीच्या प्रयोगांचा इतिहास मुख्यतः काळाचे लहानात लहान तुकडे पाडण्याचा इतिहास आहे. शाळेतला प्रयोग साधतो की फसतो, हेही तिथेच ठरते.

चाल म्हणजे एकक काळात कापलेले अंतर. त्याला दिशेची जोड दिली की वेग होतो. वस्तू एका सरळ रेषेत एकाच दिशेने जात असेल तर दोन्हींचे आकडे सारखेच येतात, आणि गतीचा अभ्यास सरळ रेषेपासून सुरू करण्याचे कारणही हेच. वेग किती लवकर बदलतो ते त्वरण सांगते. ते मीटर प्रति सेकंद वर्ग या एककात लिहितात. त्वरण १ मी/से² असेल तर दर सेकंदाला वेगात सेकंदाला एक मीटरची भर पडते. वेग कमी होत असेल तर त्वरण ऋण असते.

चालीचे रस्त्यावरचे एक उदाहरण घेऊ. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातले टेंभुर्णी पुणे-सोलापूर महामार्गावर वसले आहे. या रस्त्यावरून जाणाऱ्याला सरासरी चालीचा पाठ आयता मिळतो. इंदापूरजवळचा सरडेवाडी टोलनाका आणि टेंभुर्णीच्या पुढे सोलापूरच्या बाजूला असलेला वरवडे टोलनाका, या दोन ठिकाणी फास्टॅगचे पैसे कापले गेल्याच्या वेळा मोबाइलवर येतात. दोन नाक्यांमधल्या अंतराला त्या वेळांच्या फरकाने भागले की सरासरी चाल निघते. पण गाडी वाटेत चहाला थांबली, चौकात अडकली, मोकळ्या रस्त्यावर सुसाट गेली, यातले काहीच त्या एका आकड्यात उरत नाही. अंतर लहान घेतले तर चित्र स्पष्ट होते. किलोमीटरच्या एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत ४० सेकंद लागले तर चाल सेकंदाला २५ मीटर, म्हणजे ताशी ९० किलोमीटर. मधल्या २०० मीटरच्या लहान दगडांवर नजर ठेवली तर हेच माप ८ सेकंदांत मिळते. आणखी लहान अंतर घेत गेले की ‘या क्षणाची चाल’ या कल्पनेच्या जवळ जाता येते. अडचण एवढीच की अंतर जितके लहान, तितका काळही लहान, आणि लहान काळ मोजणे अवघड.

ही अडचण गॅलिलिओने ओळखली होती. वरून सोडलेला दगड एक मीटर अंतर अर्ध्या सेकंदाच्या आत, सुमारे ०.४५ सेकंदात पडतो. सतराव्या शतकाच्या आरंभी एवढा काळ मोजणारे घड्याळ नव्हते. गॅलिलिओने मग पडण्याची क्रियाच मंद केली. लाकडी फळीत सरळ खोबण कोरून तिच्यावरून पितळेसारख्या मिश्रधातूचा गोळा सोडला आणि फळीचे एक टोक थोडेसेच उचलले. काळ मोजण्यासाठी मोठ्या भांड्यातून बारीक नळीने पाणी सोडले आणि गोळा धावत असताना साठलेले पाणी तराजूत तोलले. पाण्याचे वजन म्हणजेच काळ. १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने या प्रयोगाचे वर्णन केले आहे. निष्कर्ष असा की स्थिर अवस्थेतून सुटलेल्या गोळ्याने कापलेले अंतर काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दुप्पट वेळात चौपट अंतर, तिप्पट वेळात नऊपट.

हा प्रयोग आजही कोणत्याही शाळेत होऊ शकतो. दोन मीटर लांबीची सरळ फळी घ्यावी, तिचे एक टोक १० सेंटिमीटर उचलावे आणि वरून गोटी किंवा जुन्या बेअरिंगची गोळी सोडावी. फळीवर दोन पट्ट्या लावून वाट आखली म्हणजे गोटी भरकटत नाही. गोटी सोडताना ढकलायची नाही. पट्टीने अडवून ठेवायची आणि पट्टी झटकन पुढे काढून घ्यायची. पहिला अर्धा मीटर जायला सुमारे १.७ सेकंद लागतात आणि पूर्ण दोन मीटरला सुमारे ३.४. अंतर चौपट, वेळ दुप्पट. अंतराची दुप्पट करून तिला काळाच्या वर्गाने भागले की त्वरण मिळते, सुमारे ०.३५ मी/से².

इथे विद्यार्थी हमखास गोंधळतात. पुस्तकातल्या सूत्राप्रमाणे या उतरणीवर त्वरण गुरुत्व त्वरणाच्या विसाव्या भागाइतके, म्हणजे सुमारे ०.४९ मी/से² यायला हवे. प्रयोगात ते बरेच कमी येते आणि दोष घर्षणावर ढकलला जातो. खरे कारण वेगळे आहे. गोटी घसरत नाही, ती लोळते. गुरुत्वाकर्षणाने दिलेल्या ऊर्जेचा काही भाग तिला स्वतःभोवती फिरवण्यात खर्च होतो, आणि भरीव गोळ्याच्या बाबतीत त्वरण घसरणाऱ्या वस्तूच्या पाच-सप्तमांश उरते. ०.४९ चे पाच-सप्तमांश म्हणजे बरोबर ०.३५. गोटी सपाट फळीऐवजी खोबणीच्या दोन कडांवर टेकून लोळत असेल तर त्वरण आणखी घटते. प्रयोगाचे उत्तर पुस्तकाशी जुळत नाही तेव्हा दोघांपैकी कोणाचेच चुकलेले नसते, असे पुष्कळदा घडते. फक्त पुस्तकातल्या सूत्राची अट प्रयोगाला लागू पडत नसते.

आता घड्याळाकडे. स्टॉपवॉचवर सेकंदाचा शंभरावा भाग दिसतो, म्हणून माप तितके अचूक आहे असे वाटते. पण बटण दाबणारा माणूस असतो. डोळ्यांनी पाहून बोट हलेपर्यंत साधारण ०.२ सेकंद जातात. हे पडताळण्याची सोपी युक्ती आहे. एकाने ३० सेंटिमीटरची पट्टी उभी धरून अचानक सोडायची आणि दुसऱ्याने खाली उघडी ठेवलेली बोटे मिटून ती पकडायची. पट्टी २० सेंटिमीटर खाली आल्यावर पकडली गेली तर मधे ०.२ सेकंद गेले. सुरुवातीला आणि शेवटी झालेला उशीर काही अंशी एकमेकांना फेडतो, तरी ०.१ सेकंदाची अनिश्चितता धरलेली बरी. उतरणीवरच्या ३.४ सेकंदांत ती तीन टक्के भरते. त्वरणाच्या हिशेबात काळाचा वर्ग येत असल्याने तिथे ती दुप्पट होऊन सहा टक्के होते. एक मीटर सरळ खाली पडणाऱ्या दगडासाठी तेच स्टॉपवॉच वापरले तर काळातली अनिश्चितता बावीस टक्के आणि त्वरणातली चाळीसच्या वर जाते. अशा मापाला काही किंमत नाही. दहा वेळा मोजून सरासरी काढल्याने विखुरलेपणा कमी होतो; पण मोजणारा दर वेळी त्याच बाजूला चुकत असेल तर सरासरीही त्याच बाजूला चुकते.

माणसाचे बोट मधून काढून टाकायचे तर धावत्या वस्तूनेच आपली नोंद ठेवली पाहिजे. फ्लेचर ट्रॉली या जुन्या उपकरणात हेच केलेले असते. ट्रॉलीवर लांब कागद बसवतात आणि तिच्या वरच्या बाजूला आडवी कंप पावणारी पोलादी पट्टी बसवतात. पट्टीच्या टोकाला शाईत बुडवलेला ब्रश असतो. ट्रॉली खालून धावत जाते आणि कागदावर लाटेसारखी रेघ उमटते. पट्टीच्या एका कंपनाचा काळ आधी मोजून ठेवलेला असतो, त्यामुळे प्रत्येक लाटेची लांबी म्हणजे तेवढ्या काळात ट्रॉलीने कापलेले अंतर. ट्रॉलीचा वेग वाढत असेल तर लाटा लांबत जातात.

टिकर टायमर याच कल्पनेचे विजेवर चालणारे रूप आहे. त्याला मुख्य वीजपुरवठ्यातून ट्रान्सफॉर्मरने उतरवलेला कमी दाबाचा एसी प्रवाह देतात. गुंडाळीतल्या प्रवाहाची दिशा उलटसुलट होत राहते, तिच्या तालावर पोलादी पट्टी थरथरते आणि खालून सरकणाऱ्या कागदी फितीवर कार्बनपेपरमधून ठिपके उमटवते. भारतात विजेची वारंवारता सेकंदाला ५० आवर्तने असल्याने सेकंदाला ५० ठिपके पडतात. दोन ठिपक्यांमधला काळ ०.०२ सेकंद. फितीचे एक टोक ट्रॉलीला चिकटवलेले असते.

फिती वाचायला शिकणे हा या प्रयोगातला सर्वांत मोलाचा भाग आहे. ठिपके समान अंतरावर असतील तर वेग स्थिर आहे. ते दूर दूर जात असतील तर त्वरण धन, जवळ येत असतील तर ऋण. पहिले काही ठिपके एकमेकांवर पडून त्यांची गिचमिड होते, तो भाग सोडून द्यावा. पुढे पाच-पाच अंतरांचे तुकडे करावेत. प्रत्येक तुकडा ०.१ सेकंदाचा. हे तुकडे क्रमाने शेजारी शेजारी उभे चिकटवले तर त्यांच्या डोक्यांवरून जाणारी रेघ वेग-काल आलेखच असते. सूत्र न वापरता, आकडा न लिहिता आलेख तयार होतो. त्वरणाचा अर्थ समजावणारे याहून चांगले साधन शाळेच्या प्रयोगशाळेत क्वचितच सापडेल.

समजा, प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा अर्धा सेंटिमीटर लांब भरला. मग त्वरण म्हणजे ०.५ सेंटिमीटर भागिले ०.१ सेकंदाचा वर्ग, म्हणजे ५० सेंमी/से² किंवा ०.५ मी/से². आता अनिश्चितता पाहू. पट्टीने मोजताना प्रत्येक तुकड्यात अर्ध्या मिलिमीटरची चूक धरली तर दोन तुकड्यांच्या फरकात ती सुमारे ०.७ मिलिमीटर होते. ५ मिलिमीटरच्या फरकात ०.७ ची चूक म्हणजे चौदा टक्के. म्हणून लागोपाठचे तुकडे वजा करू नयेत. पहिला आणि सहावा तुकडा घ्यावा. त्यांच्यातला फरक २५ मिलिमीटर असतो, चूक तेवढीच राहते आणि टक्केवारी तीनवर येते.

या उपकरणाचे घड्याळ म्हणजे विजेची वारंवारता. ती किती भरवशाची, हा प्रश्न सोलापूर जिल्ह्यात विचारण्याला वेगळा अर्थ आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे वीज ग्रीड उर्वरित देशाच्या ग्रीडशी जोडले गेले. तेव्हापासून सारे राष्ट्रीय ग्रीड एकाच वारंवारतेवर चालते. ग्रीडच्या नियमांनी ठरवलेला पट्टा ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ असा आहे. वारंवारता या पट्ट्याच्या खालच्या टोकाला गेली तरी काळातली चूक ०.२ टक्के आणि त्वरणातली ०.४ टक्के. पट्टीच्या चुकीपुढे ती नगण्य आहे. टेंभुर्णीच्या शाळेतल्या टिकर टायमरमागे देशभरातल्या वीजकेंद्रांच्या एकत्र फिरणाऱ्या जनित्रांचे घड्याळ उभे असते. वीज गेल्यावर प्रयोग डिझेल जनरेटरवर चालवला तर मात्र हा भरवसा राहत नाही, कारण लहान जनरेटरची वारंवारता भार बदलला की हलते. त्या फितीचे माप हिशेबात धरू नये.

ट्रॉलीच्या प्रयोगात एक पूर्वतयारी वगळून चालत नाही. फळी थोडी तिरपी करून, ट्रॉलीला हलका धक्का दिल्यावर ठिपके समान अंतरावर पडतील इतका उतार शोधावा लागतो. एवढ्या उतारावर घर्षणाचा परिणाम फिटतो. त्यानंतर दोरीला वजन बांधून, ती कप्पीवरून सोडून ट्रॉली ओढली तर मिळणारे त्वरण त्या वजनाचेच असते. ही तयारी न करता केलेला न्यूटनच्या दुसऱ्या नियमाचा प्रयोग म्हणजे नियमाऐवजी चाकांच्या वंगणाची परीक्षा ठरते. हवेचा रूळ ही घर्षण टाळण्याची आणखी पुढची पायरी. त्याच्या बारीक छिद्रांतून येणाऱ्या हवेच्या थरावर गाडी तरंगते. उपकरण उत्तम आहे, पण महाग आणि आवाज करणारे.

प्रकाशद्वार हे आता बऱ्याच महाविद्यालयांत आलेले साधन. एका बाजूला अवरक्त किरणांचा दिवा, समोर संवेदक. ट्रॉलीवर उभे केलेले पान मधून जाताना किरण अडतो आणि तो किती काळ अडला हे यंत्र सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत सांगते. पान २ सेंटिमीटर रुंद असेल आणि पहिल्या द्वाराशी किरण ०.०४० सेकंद अडला तर तिथला वेग ०.५ मी/से. पुढे ५० सेंटिमीटरवरच्या दुसऱ्या द्वाराशी ०.०२० सेकंद अडला तर वेग १ मी/से. वेगांच्या वर्गांतला फरक ०.७५, त्याला अंतराच्या दुपटीने, म्हणजे १ मीटरने भागले की त्वरण ०.७५ मी/से². इथे काळाची चिंता संपते आणि ती पानाच्या रुंदीकडे वळते. रुंदी एका मिलिमीटरने चुकली तर वेग पाच टक्क्यांनी आणि त्वरण दहा टक्क्यांनी चुकते. पानाची रुंदी व्हर्निअर कॅलिपरने मोजावी, पट्टीने नव्हे.

महामार्ग पोलिसांच्या इंटरसेप्टर वाहनातली लेझर स्पीडगन यापेक्षा वेगळे काही करत नाही. ती गाडीकडे प्रकाशाचे स्पंद पाठवते, ते परत यायला लागलेल्या काळावरून गाडीचे अंतर काढते, आणि असे अनेकदा करून अंतर किती वेगाने घटते ते सांगते. स्पीडगन गाडीच्या सरळ रेषेत नसून बाजूला तिरपी असेल तर प्रत्यक्षापेक्षा कमी चाल दिसते, कारण तिला फक्त तिच्या दिशेने येणारा वेग कळतो.

ट्रॉलीवर शिकलेले वेगाच्या वर्गाचे सूत्र रस्त्यावर जिवाशी संबंधित होते. ताशी ९० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २५ मीटर वेगाने येणाऱ्या चालकाला अडथळा दिसला आणि ब्रेकवर पाय जायला एक सेकंद लागला, तर गाडी तेवढ्यात २५ मीटर पुढे गेलेली असते. मग ब्रेकने ५ मी/से² इतके ऋण त्वरण मिळाले तर थांबेपर्यंत आणखी ६२.५ मीटर लागतात. ताशी ४५ च्या वेगाला ब्रेकनंतरचे हेच अंतर १६ मीटरांहून कमी असते. वेग अर्धा, अंतर पाव. गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर टेंभुर्णीच्या आसपासच्या रस्त्यांवर संथ चालतात, कित्येकदा मागे लाल दिवा नसतानाही. रात्री हेडलाइटच्या उजेडात असा ट्रॅक्टर साठ मीटरवर दिसला तर ताशी ९० ने येणाऱ्या चालकाला पुरेसे अंतर उरलेले नसते. नववीत हा पाठ शिकवताना हा हिशेब फळ्यावर जरूर मांडावा.

ज्या शाळेत टिकर टायमर नाही आणि प्रकाशद्वारही नाही, तिथे मोबाइल फोन उपयोगी पडतो. फोनचा कॅमेरा साधारण सेकंदाला ३० चित्रे घेतो, संथ चित्रणात १२० किंवा २४०. गोटीच्या मार्गामागे मीटरपट्टी ठेवून, कॅमेरा मार्गाला काटकोनात आणि स्थिर ठेवून चित्रण केले की प्रत्येक चित्रातली गोटीची जागा वाचता येते. ‘ट्रॅकर’ हे मोफत सॉफ्टवेअर हे काम सोपे करते. जर्मनीतल्या आखेन इथल्या तंत्रविद्यापीठाने २०१६ साली आणलेले ‘फायफॉक्स’ हे मोफत ॲप फोनच्या संवेदकांचे आकडे थेट दाखवते. त्यात आवाजावर चालणारे स्टॉपवॉचही आहे: पहिल्या आवाजाला सुरू, दुसऱ्याला बंद. टेबलाच्या कडेला धरलेली पट्टी ठोकून तिच्यावरची गोळी पाडायची, ठोकल्याचा आवाज पहिला आणि जमिनीवर आदळल्याचा दुसरा. बोटाचा उशीर यात पूर्णपणे टळतो.

फोनमधला त्वरणमापक मात्र समजून वापरावा लागतो. त्यात सिलिकॉनच्या सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेले अतिशय लहान वस्तुमान असते आणि ते किती सरकले यावरून आकडा मिळतो. त्यामुळे टेबलावर शांत पडलेला फोनही सुमारे ९.८ दाखवतो आणि पडणारा फोन शून्य. एसटीच्या सीटवर फोन आडवा ठेवून बसच्या दिशेचे त्वरण पाहता येते, पण फोन जरा कलला तरी गुरुत्वाचा अंश त्यात मिसळतो. त्या आकड्यांची बेरीज करत जाऊन बसचा वेग काढण्याचा मोह टाळावा. लहान चुका साठत जातात आणि थांबलेली बसही धावताना दिसू लागते.

माप कोणत्याही साधनाने घेतले तरी शेवटी आलेख काढावा. अंतर आणि काळाचा वर्ग यांचा आलेख सरळ रेषा यायला हवा. तिच्या चढाची दुप्पट म्हणजे त्वरण. एकाच जोडीवरून सूत्राने काढलेले उत्तर चूक लपवते, आलेखात चुकलेला बिंदू रेषेबाहेर पडून स्वतःच दिसतो. रेषा शून्यातून जात नसेल तर घड्याळ उशिरा सुरू झाले किंवा गोटीला सुटतानाच धक्का लागला, हेही तिथेच कळते.

उत्तर लिहिण्याच्या बाबतीत शिक्षक आणि विद्यार्थी दोघांनाही एक सांगणे आहे. पुस्तकांत गुरुत्व त्वरण ९.८ किंवा ९.८१ मी/से² दिलेले असते. १९०१ साली आंतरराष्ट्रीय परिषदेने ठरवलेले प्रमाणित मूल्य ९.८०६६५ आहे. ते साधारण ४५ अंश अक्षांशाला समुद्रसपाटीवर लागू पडते. टेंभुर्णी १८ अंश उत्तर अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे आणि तिथले मूल्य ९.७८ च्या आसपास येते. शाळेच्या साधनांनी एवढा बारीक फरक सहसा पकडता येत नाही. पण काळजीपूर्वक केलेल्या प्रयोगात ९.७८ आले, किंवा अनिश्चिततेसह ९.६ ± ०.३ आले, तर वहीत तेच लिहावे. पुस्तकाशी जुळावे म्हणून ते खोडून ९.८१ करू नये.